लॅन केबल बदलल्याने गाणे खुलते का? घरच्या घरी तपासण्याची रीत

खास संगीतासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या लॅन केबलची किंमत काही हजारांपासून लाखापर्यंत जाते. ती लावली की खर्ज भरदार होईल, वाद्ये सुटी सुटी ऐकू येतील, अशी आश्वासनेही तिच्यासोबत मिळतात. स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरून गाणी घेऊन वाजवणारे यंत्र, राउटरला जोडताना हा खर्च करावा की नाही, हे दुसऱ्याच्या मतावर सोडण्याचे कारण नाही. थोड्या तपासण्या करून ते एखाद्या रविवारी स्वतःच ठरवता येते. लॅन केबलमुळे ऐकण्यात बिघाड होऊ शकतो, हे मात्र आधीच मान्य करतो. तो ज्या वाटांनी होतो, त्या जाहिरातीत सांगितलेल्या नसतात.

स्पीकरच्या वायरीतून आवाजाचा विद्युत संकेत थेट जातो, त्यामुळे ती वायर फार बारीक किंवा फार लांब असली तर फरक पडतो. लॅन केबलमधून आकडे जातात. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ संगीताला सेकंदाला १४,११,२०० बिट लागतात आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचे ध्वनिमुद्रणही ९२ लाखांच्या आसपासच राहते. साधी १०० मेगाबिटची जोडणी सेकंदाला १० कोटी बिट वाहून नेते. हे आकडे पॅकेटांत बांधून पाठवले जातात आणि प्रत्येक पॅकेटसोबत ३२ बिटांचा पडताळा असतो. वाटेत एखादा बिट जरी बदलला तरी पडताळा जुळत नाही, ते पॅकेट टाकून दिले जाते आणि घरगुती स्ट्रीमिंग बहुधा ज्या टीसीपी पद्धतीने चालते तीत ते पुन्हा मागवले जाते. म्हणून केबल खराब असेल तर गाणे अडखळते, तुटते, थांबते. खर्ज पातळ होणे किंवा गळ्याची गोलाई जाणे हे तिच्या हातून घडत नाही.

बिट बरोबर आले तरी त्यांची वेळ चुकत असेल, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर कानांनीच मिळवावे. एखादी संथ विलंबित चीज लावा, ती अर्ध्या मिनिटभर स्थिरपणे वाजू द्या आणि मग स्ट्रीमरमागची लॅन पिन खटका दाबून सरळ बाहेर काढा. पोर्टवरचा दिवा विझतो, पण गायकाची आवर्तने चालूच राहतात. काही यंत्रांत हे काही सेकंद टिकते, तर काहींत गाणे शेवटपर्यंत वाजते, कारण आकडे आधीच बफरमध्ये, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या साठ्यात, येऊन पडलेले असतात आणि तिथून ते डॅकच्या, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या भागाच्या, स्वतःच्या घड्याळाच्या ठेक्यावर बाहेर पडतात. केबलविना वाजणारे ते सेकंद नीट ऐका. केबल निघाल्या क्षणी तंबोऱ्याची जवारी बदलली का, हे त्या सेकंदांतच कळते.

आता खरे दोष. माझ्या घरी कपाटामागून नेलेल्या केबलवर गाणे वारंवार थांबत असे आणि मी बरेच दिवस इंटरनेटला बोल लावत होतो. शेवटी पिन उजेडात धरून पाहिली, तर आतल्या तारांच्या जोड्यांचा पीळ जवळजवळ दोन इंच उलगडलेला होता आणि केबलचे बाहेरचे आवरण पिनच्या पकडीत आलेच नव्हते. कॅट ५ई या नेहमीच्या दर्जाच्या केबलमध्ये हा पीळ पिनपाशी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडू नये, कारण बाहेरचा विद्युत गोंगाट त्या पिळामुळेच निष्प्रभ होतो. पिन नव्याने बसवली आणि थांबणे बंद झाले. याशिवाय खटका मोडलेला नाही ना, केबल कपाटाच्या पायाखाली चेपलेली नाही ना, हेही पाहावे. स्वस्त केबलच्या तुकड्यातील तार पात्याने खरवडावी. वरून तांबूस आणि आतून पांढरट दिसली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे आणि अशी केबल घेऊ नये. शुद्ध तांब्याची, नीट पिना बसवलेली कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल घरातील कोणत्याही अंतराला पुरते, कारण दोन्हींवर गिगाबिट जोडणीसाठी १०० मीटरची मर्यादा आहे.

दुसरा दोष घरघरीचा, आणि गंमत अशी की तो महागड्या केबलनेच येण्याची शक्यता अधिक असते. इथरनेटच्या प्रत्येक पोर्टमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे साध्या केबलने जोडलेली दोन यंत्रे विद्युतदृष्ट्या अलग राहतात. केबलला धातूची जाळी आणि दोन्ही टोकांना धातूची पिन असेल, तर ती जाळी दोन यंत्रांचे सांगाडे जोडून टाकते. ही यंत्रे वेगवेगळ्या सॉकेटांवर अर्थ केलेली असली की फेरा पूर्ण होतो आणि आपल्या ५० हर्ट्झ विजेची गुणगुण स्पीकरमध्ये उतरते. गाणे थांबवून, आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवून, स्पीकरजवळ कान न्या. घरघर असेल तर लॅन पिन काढून पाहा. ती थांबली, तर प्लॅस्टिकच्या पिनेची, जाळी नसलेली केबल लावा. थांबली नाही, तर सेट-टॉप बॉक्सला येणारी वायर काढून पाहा, कारण ती बरेचदा खरी दोषी निघते. काही झाले तरी घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढू नका; ती तुमच्या जिवाच्या रक्षणासाठी आहे.

इतके करूनही दोन केबलींत फरक भासतोच, तर त्याची परीक्षा घ्यावी. घरातील कोणाला तरी नाणे उडवून, तुम्हाला न दिसता, दोनपैकी एक केबल लावायला सांगा. प्रत्येक वेळी बफर रिकामा व्हावा म्हणून स्ट्रीमर बंद करून पुन्हा चालू करा, आवाजाच्या बटणाला हात लावू नका आणि गाण्याचा तोच मिनिटभराचा भाग ऐकून उत्तर कागदावर लिहा. केबल लावणाऱ्याने त्या वेळी खोलीबाहेर थांबावे, कारण चेहऱ्यावरूनही उत्तर कळते. असे १६ वेळा करा आणि शेवटीच उत्तरे ताडून पाहा. नुसत्या अंदाजाने १२ किंवा त्याहून अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहूनही कमी असते. तेवढी आलीच, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहा. तेव्हाही आली, तर केबलवर पैसे घालण्याआधी स्ट्रीमर काही दिवस वायफायवर चालवा. फरक मिटला, तर तो राउटरकडून धातूच्या वाटेने येणाऱ्या गोंगाटाचा होता. मग ती वाट तोडणे, म्हणजे वायफायवरच राहणे किंवा मध्ये फायबरचा (प्रकाश वाहून नेणाऱ्या केबलचा) तुकडा आणि विजेचा संकेत प्रकाशात व प्रकाश पुन्हा विजेत बदलणारे दोन मीडिया कन्व्हर्टर घालणे, हा त्याचा उपाय आहे.