मिरगाआधी करायची घरच्या शेअर्ड ड्राइव्हची तयारी

कोकणात घरातले दोन विंडोज कॉम्प्युटर एकमेकांना दिसेनासे होतात ते बहुतेकदा लाईट जाऊन आल्यावर, नाहीतर विजेने राउटर जळून नवा बसवल्यावर. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यांसाठी शेअर केलेला फोल्डर जागच्या जागी असतो, शेअरिंगही कुणी बंद केलेलं नसतं. बदललेला असतो तो पत्ता, नेटवर्कची ओळख किंवा पासवर्ड. म्हणून ही तयारी मे महिन्यात, सगळं धड चालू असताना करायची आणि वहीत लिहून ठेवायची. हिशेबाची फाइल उघडत नाही आणि नेटही बंद आहे, अशा वेळी मोबाइलवर उत्तर शोधता येत नाही.

वहीत पहिल्यांदा लिहा ते ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे त्याचं नाव. ते इंग्रजी अक्षरांत, १५ अक्षरांच्या आत आणि मध्ये जागा न सोडता ठेवलेलं असावं. मग त्याचा आयपी पत्ता (राउटरने नेटवर्कवर दिलेला क्रमांक), फिजिकल ॲड्रेस (नेटवर्क कार्डची स्वतःची ओळख, अक्षरं-आकड्यांच्या सहा जोड्या), शेअरचं नाव, त्यासाठीचं युजरनेम, वायफायचं नाव-पासवर्ड आणि राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड. पत्ता आणि फिजिकल ॲड्रेस कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ला ‘ऑल’ जोडून, अर्थात इंग्रजीत ipconfig /all असं टाइप करून, मिळतात. त्यानंतर राउटरमध्ये डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणारी सोय) रिझर्व्हेशन करून तो पत्ता त्याच कॉम्प्युटरच्या नावे बांधून टाका. हे केलं नाही तर लाईट आल्यावर राउटर वेगळाच पत्ता देऊ शकतो आणि पत्त्यावर जोडलेल्या झेड ड्राइव्हवर (दुसऱ्या कॉम्प्युटरवर ड्राइव्हसारखा दिसणारा हाच फोल्डर) लाल फुली येते. राउटर बदलला की हे रिझर्व्हेशन नव्याने करावं लागतं. पत्त्यांची मालिकाही बदलू शकते: एक राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देतो, दुसरा १९२.१६८.२९ ने.

सामानात पंधरा-वीस मीटर कॅट-६ केबल, तिच्या टोकांना लावायचे दहा आरजे-४५ कनेक्टर, ते दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल, साधा केबल टेस्टर आणि राउटरचा एक जादा अडॅप्टर असू द्या. अडॅप्टरचे व्होल्ट जुन्याइतकेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त. समुद्रालगतच्या घरात खाऱ्या दमट हवेने कनेक्टरच्या धातूच्या पट्ट्या काळवंडतात किंवा हिरवट पडतात. अशी केबल पूर्ण मरत नाही, म्हणून फसवते. गिगाबिटला (१००० मेगाबिटच्या वेगाला) केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी जोडी सुटली की जोडणी बऱ्याचदा १०० मेगाबिटवर उतरते आणि सेकंदाला शंभरेक मेगाबाइट जाणारी फाइल जेमतेम अकरा-बारावर येते. ‘आज ड्राइव्ह फार संथ आहे’ अशी कुरकुर कानावर आली, तर आधी नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. हजाराच्या जागी शंभर दिसले की कनेक्टर कापून नवा लावा. जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय फारसं टिकत नाही, तिथे केबलच टाका. पण मुख्य घरापासून मांगरापर्यंत किंवा होमस्टेच्या खोल्यांपर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नका. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आसपास वीज पडली की त्या तारेतून दोन्हीकडची पोर्टं जातात. तिथे फायबर आणि दोन्ही टोकांना ते साध्या केबलला जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर लावणं शहाणपणाचं. आधीच तांब्याची असेल तर आभाळ भरून आलं की, गडगडाट सुरू होण्याआधीच, प्लगबरोबर ही केबलही दोन्ही टोकांना काढा.

आता ज्यावर सगळ्यात जास्त वेळ फुकट जातो ते: घरात दोन राउटर. इंटरनेट कंपनीचा डबा पडवीत, आणि मागे सिग्नल पोचत नाही म्हणून माजघरात स्वतः आणलेला दुसरा. पडवीतल्या कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१.५०, माजघरातल्या लॅपटॉपचा १९२.१६८.०.१२. तिसरा आकडा वेगळा, म्हणजे ही दोन वेगळी नेटवर्कं झाली, इंटरनेट दोन्हीकडे व्यवस्थित चाललं तरी. याची खूण अशी की माजघरातून पडवीतला फोल्डर पत्ता टाकून उघडतो, पण पडवीतून माजघरातला काही केल्या उघडत नाही, आणि नेटवर्कच्या यादीत दोघंही एकमेकांना दिसत नाहीत. फोल्डरच्या परवानग्या कितीही बदलल्या तरी यात फरक पडणार नाही. मागच्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय पुढे देतो. तो मोड नसेल तर त्याला स्वतःचा पत्ता पडवीतल्या राउटरच्या मालिकेतला एखादा मोकळा द्या, डीएचसीपी बंद करा आणि पडवीतून येणारी केबल वॅन पोर्टमधून (बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या) काढून लॅन पोर्टमध्ये (घरातल्या उपकरणांसाठीच्या) लावा. क्रम हाच ठेवा. जाता जाता बघा, की दोन्ही कॉम्प्युटरपैकी कुणी गेस्ट वायफायवर तर नाही ना. गेस्ट वायफाय उपकरणांना सहसा एकमेकांपासून तोडतंच.

नवा राउटर लागला की विंडोजला ते अनोळखी नेटवर्क वाटतं आणि ते पब्लिक समजलं जातं. तिथे शेअरिंगची दारं बंद. सेटिंगमध्ये नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन दोन्ही कॉम्प्युटरवर प्रायव्हेट करा. मग ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंगमध्ये प्रायव्हेटखाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू आहे का ते पाहा. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग मात्र चालूच राहू द्या. ते बंद करण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण ज्या घरात होमस्टेचे पाहुणेही तेच वायफाय वापरतात तिथे तो धोक्याचा आहे.

लॉगिनसाठी मुख्य कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवायचं एक वेगळं लोकल युजर उघडा, नाव इंग्रजीत आणि पासवर्डसह. कॉम्प्युटर उघडायचा चार आकडी पिन नेटवर्कवरून चालत नाही, आणि बिनपासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. दुसऱ्या बाजूने लॉगिन करताना कॉम्प्युटरचं नाव, उलटी तिरपी रेष आणि मग युजरनेम असं पूर्ण लिहा.

फोल्डरला परवानग्या दोन ठिकाणी असतात, शेअरिंगच्या टॅबमध्ये आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्ये, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली कडक असेल ती लागू होते. त्या युजरला शेअरिंगमध्ये चेंज आणि सिक्युरिटीत मॉडिफाय द्या. सगळं उघडतं, एकच फाइल उघडत नाही, असं झालं तर ती त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरमधून कट-पेस्ट करून आणलेली असण्याची शक्यता मोठी. हलवलेली फाइल जुन्या परवानग्या सोबत आणते, कॉपी केलेली नव्या फोल्डरच्या घेते.

बिघाड झालाच तर तपासण्याचा क्रम मोडू नका. मुख्य कॉम्प्युटर जागा आहे का ते आधी पाहा. त्याचं स्लीप ‘नेव्हर’वर असायला हवं. केबलचा दिवा लागतोय का, दोन्ही पत्त्यांचे पहिले तीन आकडे सारखे आहेत का, मग पिंग (पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते पाहणारी कमांड). पिंगला उत्तर नाही म्हणून लगेच हात टेकू नका, फायरवॉलही ते अडवते. पॉवरशेलमध्ये Test-NetConnection 192.168.1.50 -Port 445 असं टाइप करून ४४५ नंबरचं पोर्ट, म्हणजे शेअरिंग ज्यातून चालतं ते दार, तपासा. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर रस्ता मोकळा. ‘फॉल्स’ आलं तर प्रायव्हेट-पब्लिक पुन्हा बघा आणि अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल आहे का तेही. मग रनमध्ये \\१९२.१६८.१.५० असा थेट पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. पत्त्याने उघडतं पण नावाने नाही, तर दोष फक्त नावाचा. ड्राइव्ह पत्त्यावर जोडून काम सुरू ठेवा. शेवटी ७००३५ आकडे असलेला एरर म्हणजे तिथवर पोचलाच नाहीत. पासवर्ड विचारला म्हणजे नेटवर्क ठीक आहे, पुढे राउटरला हात लावायचं कारण नाही. एरर १२१९ आला तर त्याच कॉम्प्युटरशी दुसऱ्या युजरनेमने आधीच जोडणी आहे. विंडोज पासवर्ड जिथे साठवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद पुसा, साइन आउट करून परत या.

राउटरच्या मागे यूएसबी ड्राइव्ह लावून वापरणाऱ्यांनी नवा लॅपटॉप घेण्याआधी विचार करावा. बरेच जुने राउटर आणि जुनी नॅस उपकरणं (नेटवर्कला थेट जोडायच्या साठवणुकीच्या पेट्या) फाइल शेअरिंगची फक्त जुनी भाषा, एसएमबी-१, बोलतात, आणि २०१७ पासून विंडोजने ते आपणहून बसवणं हळूहळू बंद केलं. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्याच दारातून पसरला होता, त्यामुळे ते पुन्हा चालू करू नका, ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावा. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून बिनपासवर्डचा गेस्ट प्रवेशही मुळातच बंद असतो.

गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या लॅपटॉपची तजवीज आत्ताच करा. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी बांधणारी जोडणी) चालू असेल तर घरातला पत्ता बऱ्याचदा लागत नाही. व्हीपीएन तोडून बघा, तरी नाही लागला तर ते कंपनीचं धोरण, तिथे खटाटोप करू नका. बाकीच्यांसाठी फक्त वाचण्याची परवानगी असलेलं वेगळं युजर उघडून ठेवा आणि ते फोटोंच्या फोल्डरपुरतंच द्या, हिशेबाच्या नाही. विसर्जन झालं, मंडळी परतली, की ते खातं डिसेबल करा.