मागचे कंट्रोल आर्म बदलताय? या चुका टाळा

थारला दोन इंची लिफ्ट टाकली, म्हणजे गाडी दोन इंच वर उचलली, की दुसऱ्या दिवशी पोरांना मागचे अ‍ॅडजस्टेबल आर्म हवे असतात, म्हणजे मागचा एक्सल चेसीला धरून ठेवणारे, लांबी कमी-जास्त करता येणारे दांडे. घ्या की, कोण नाही म्हणतंय, पण दर वेळी त्याच चुका करून गाड्या माझ्या खळ्यात येतात. आणि २०२० च्या आधीची थार असेल तर हे वाचूच नका, तिला मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत, आर्म नसतातच. तरी एकजण मागवून बसला होता!

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे गाडी जॅकवर, चाकं लोंबकळतायत आणि भाऊ तिथंच बोल्ट फुल टाईट करून मोकळा. अरे, आर्मच्या टोकाला जो रबरी बुश असतो त्याच्या आतली लोखंडी नळी रबराला चिकटलेली असते, बोल्ट आवळला की ती ब्रॅकेटमध्ये जाम होते, मग आर्म वरखाली झाला की पिळ बसतो तो रबराला. हवेत आवळलं की गाडी नुसती उभी असली तरी रबर पिळलेलंच.

माझ्या मावसभावाने हेच केलं. मे महिना, भुसावळचं ऊन, पाना हातात धरवत नव्हता, म्हणून "राहू दे ना भो, काही होत नाही" म्हणत हवेतच आवळले आणि पहाटे तोरणमाळला निघाले. घाट चढून उतरून आले, खुश. महिन्याभरात मागून कुरकुर, मग ब्रेक मारला की खट्, मग हायवेला मागची बाजू स्वतःच्या मनाने चालायला लागली. कोणी शॉकअप बदलले, कोणी अलाइनमेंट केलं, पैसे गेले. मी आर्म काढला तर आतली नळी बोटाने ढकलली तशी बाहेर आली, आणि तळहातावर रबराचा काळा भुगा. आठपैकी पाच बुश गेलेले.

मी काय करतो, नट नुसते टेकवतो, चाकं लावून गाडी जमिनीवर घेतो, मागे दोन जाडे गडी उभे करून चार-पाचदा दाबतो, मग खाली घुसून टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळता येतं त्या पान्याने, आवळतो. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला, यूट्यूबवरचा नाही.

चारही आर्म एकदम काढू नका, एक काढा, एक लावा. नाहीतर एक्सल सरकतो आणि मग पहारीने ढकलत बसा.

डावा-उजवा आर्म डोळ्याने जुळवू नका. जुना आणि नवा शेजारी ठेवून दोन्ही भोकांतून बोल्ट आरपार जातो का बघा. लांबी चुकली की गाडी तिरकी पळते, एक बैल मागे राहिलेल्या गाड्यासारखी. आणि खालचे आर्म लांब केले की पिनियनचं नाक, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट एक्सलला जोडतो ते टोक, खाली जातं हे लक्षात ठेवा, ऐंशीच्या पुढे गाडी थरथरते ती यानेच, आणि लोक चाकं बॅलन्स करत फिरतात.

चेक नट, म्हणजे आर्मची लांबी पक्की धरणारे नट, शंभरेक किलोमीटरनंतर परत बघा. पॉली बुशला (रबराऐवजी पॉलियुरेथेनचे) सोबत आलेलंच ग्रीस लावा. लिफ्टनंतर पॅनहार्ड रॉड, म्हणजे एक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा, तोच ठेवला तर एक्सल एका बाजूला सरकलेला दिसेल, घाबरू नका, तो पण अ‍ॅडजस्टेबल घ्या.

शेवटी एक चाक शेताच्या बांधावर चढवून दुसरं पूर्ण लोंबू द्या आणि ब्रेकची नळी, एबीएसची वायर ताणली जाते का ते टॉर्च घेऊन बघा. आमच्या केळीच्या बांधाची त्यात पार वाट लागलीय, वडील अजून बोलतात.