छोटा आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) फिल्टर: भाग जवळ आणा, कपलिंग (भागांमधली नको असलेली विद्युत-चुंबकीय जोड) टाळा

उदाहरणाला 50 ओहमचा, 500 मेगाहर्ट्झ कटऑफचा पाचव्या ऑर्डरचा (पाच घटकांचा) बटरवर्थ (सपाट प्रतिसादाचा) लो-पास, म्हणजे कटऑफखालचे सिग्नल जाऊ देणारा फिल्टर घ्या: 3.9 पिकोफॅरड, 27 नॅनोहेन्री, 12 पिकोफॅरड, 27 नॅनोहेन्री, 3.9 पिकोफॅरड. कागदावर 1.5 गिगाहर्ट्झला सुमारे 48 डेसिबल अटेन्युएशन मिळते. 0402 आकाराचे (सुमारे 1 × 0.5 मिलिमीटर) भाग दाटीवाटीने बसवले की मात्र त्यातले बरेच हरवते.

पहिला संशयित ग्राउंड व्हाया, म्हणजे कपॅसिटरला ग्राउंड लेयरशी जोडणारे बोर्डातले धातू चढवलेले छिद्र. 1.6 मिलिमीटर जाडीच्या बोर्डात एका बारीक व्हायाचे इंडक्टन्स साधारण 1.2 नॅनोहेन्री, 12 पिकोफॅरडशी ते 1.3 गिगाहर्ट्झच्या आसपास रेझोनन्स करते आणि त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीला तो कपॅसिटर इंडक्टरसारखा वागतो. म्हणून चार लेयरचा बोर्ड घ्या, ग्राउंड दुसऱ्या लेयरवर ठेवा, प्रत्येक कपॅसिटरला पॅडलगत स्वतःचे दोन व्हाया द्या. दोन कपॅसिटरांत व्हाया सामायिक कधीच नको: एकाचा करंट दुसऱ्यावर व्होल्टेज उभा करतो, सिग्नल मधले टप्पे टाळून थेट पुढे जातो.

चुंबकीय कपलिंग कमी व्हावे म्हणून दोन्ही इंडक्टर एकमेकांशी काटकोनात ठेवा. इनपुट-आउटपुट विरुद्ध टोकांना. जागेसाठी फिल्टर यू आकारात वळवण्याचा मोह आवरा. वळवावाच लागला, तर मधे व्हायांची रांग आणि पत्र्याच्या शील्डला आडवी भिंत हवी. शील्डचे झाकण इंडक्टरला फार चिकटले तर इंडक्टन्स आणि क्यू (इंडक्टर किती कमी ऊर्जा वाया घालवतो त्याचे माप) दोन्ही घटतात, म्हणून अंतिम मोजमाप झाकण लावूनच घ्या.