अपिलासाठी वकील गाठण्याआधीची तयारी

दिवाणी दाव्याचा निकाल विरोधात गेला की पहिले काम वकील शोधण्याचे नव्हे, तर नक्कल अर्ज, म्हणजे निकालाची प्रमाणित प्रत मागणारा अर्ज, देण्याचे आहे, आणि तो शक्यतो निकालाच्याच दिवशी द्यावा. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करण्यास 30 दिवस मिळतात. जिल्हा न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात द्वितीय अपील करण्यास 90 दिवस. नक्कल मिळण्यास लागलेला काळ मुदतीतून वगळला जातो, परंतु अर्ज देण्यातच घालवलेले दिवस भरून निघत नाहीत. आमच्या घरच्या वाटणीच्या दाव्यात अर्जालाच पाच आठवडे लागले आणि अपिलासोबत विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागला; उशिराचे पटेल असे कारण सांगताना वडिलांची झालेली अवस्था मी विसरलेलो नाही. नक्कल हाती येताच तिच्यावरचा शिक्का वाचावा. अर्ज कधी दिला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी, या तारखा तेथे असतात आणि जाणता वकील आधी त्याच पाहतो.

मग निकाल, हुकूमनामा (निकालानुसार निघणारा न्यायालयाचा औपचारिक आदेश), वादपत्र (वादीचे म्हणणे), कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), साक्षीदारांचे जबाब व उलटतपास आणि निशाणी पडलेले, म्हणजे पुराव्यात क्रमांक मिळालेले, कागद तारखेच्या क्रमाने लावावेत. आपल्याकडे मराठवाड्यात जुन्या जमिनींचे निजामकाळातील कागद अनेकदा उर्दूत असतात, आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचे कामकाज इंग्रजीत चालते. भाषांतराला वेळ लागतो, म्हणून ते काम लवकर सोपवावे.

वकील निवडताना अपील कुठे जाणार हे आधी समजून घ्यावे. मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांची द्वितीय अपिले छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातात आणि ती केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर दाखल करून घेतली जातात. साक्षीदार खोटे बोलला, एवढ्यावर तेथे सहसा भागत नाही. कुळाचा वाद असेल तर हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 हाताळलेला वकीलच पाहावा. निकाल पूर्ण वाचून आपल्या बाजूतील कच्चे दुवे जो आधी सांगतो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो; वाचण्याआधीच जिंकण्याची हमी देणाऱ्याकडे प्रकरण सोपवू नये. युक्तिवादाला स्वतः उभे राहणार की कनिष्ठ वकील, फी कोणत्या टप्प्यावर किती, हे वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी विचारावे आणि पैशांची पावती घ्यावी. आधीच्या वकिलांशी मात्र संबंध तोडू नयेत, कारण दाव्याचा रोजनामा, म्हणजे तारखेगणिक झालेल्या कामकाजाची नोंद, त्यांच्याइतका कोणाला पाठ नसतो. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पक्षकारांना तेथे उत्पन्नाची अट नाही.

नुसते अपील दाखल केल्याने निकालाची अंमलबजावणी थांबत नाही. जमिनीचा ताबा जाण्याची भीती असेल तर स्थगिती अर्जाचा विषय पहिल्याच भेटीत काढावा, आणि त्यासाठी चालू सातबारा व आज शेतात उभ्या असलेल्या पिकाची छायाचित्रे सोबत न्यावीत.