आडवाटेची ऑपरेटिंग सिस्टिम टाकताय? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळपास सगळे प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीबाहेर आहेत. हिंगणघाट, दर्यापूर, पुसद, वणी अशा गावांतल्या घरांत, शाळांत आणि दुकानांत कोअर टू ड्युओ किंवा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय-थ्री संगणक अजून नीट चालतात. त्यांच्यात बिघाड काहीच नाही, तरी ते जुने ठरले.

अशा वेळी काही जण उबुंटू-मिंट या लिनक्स घराण्यातल्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमच्याही पलीकडे जातात. कोणी अँटीएक्स टाकतं, कोणी पपी लिनक्स, कोणी व्हॉइड, कोणी फ्रीबीएसडी किंवा ओपनबीएसडी, तर कोणी बीओएस या जुन्या सिस्टिमचा वारसा पुढे चालवणारी हायकू. जुनं यंत्र वाचवणं हे एक कारण झालं. माझ्या मते त्याहून मोठं कारण वेगळं आहे. या सिस्टिम लहान आहेत, त्यामुळे एका माणसाच्या आवाक्यात येतात. काय चालू आहे आणि कशासाठी, हे चिकाटीने बसलं तर समजतं. ओपनबीएसडीत माहितीपत्रातली चूकसुद्धा प्रोग्रामातल्या दोषाइतकीच गंभीर धरतात, आणि ती सगळी माहितीपत्रं सिस्टिमसोबत डिस्कवरच येतात. गावात रेंज गेलेली असताना, मेकॅनिक तालुक्याला असताना, डिस्कवरचं हे पुस्तक उघडता येणं ही मोठी सोय आहे. अपडेटही आपण म्हणू तेव्हाच होतो, दिवसाचा दीड-दोन जीबीचा डेटा मध्येच गिळून टाकत नाही.

मात्र या वाटेवर लोक अडखळतात त्या जागा ठरलेल्या आहेत.

पोटापाण्याच्या संगणकावर प्रयोग

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. आपले सरकार सेवा केंद्र, सहकारी सोसायटी, कृषी केंद्र यांच्या एकुलत्या एका संगणकावर नवी सिस्टिम टाकू नका. सातबारा पाहणं किंवा महाडीबीटीचा अर्ज भरणं हे ब्राउझरचं काम आहे, ते फायरफॉक्समध्ये होतं. अडतं ते यंत्रांपाशी. आधारसाठी बोटांचे ठसे घेणाऱ्या उपकरणांच्या सेवा मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी मिळतात. टॅली विंडोजसाठीच आहे. डिजिटल सहीच्या काही टोकनांना लिनक्सचं सॉफ्टवेअर मिळतं, बीएसडी किंवा हायकूसाठी त्याची आशा धरू नये.

प्रिंटरचं तर आधीच पाहून घ्या. आपल्याकडे जागोजागी दिसणारा कॅनन एलबीपी २९०० हा कॅप्ट नावाची कॅननची स्वतःची भाषा बोलतो. लिनक्सवर तो खटपट करून चालवता येतो, बाकी ठिकाणी त्याचा नाद सोडावा. एचपी लेझरजेट १०२० ला दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर, म्हणजे उपकरण चालवणारा आतला प्रोग्राम, द्यावं लागतं. ते मिळालं नाही तर प्रिंटर नुसता दिवा लावून बसतो आणि कागद हलत नाही. लिनक्सवर एचपीलिप हे एचपीचं प्रिंटर सॉफ्टवेअर आणि त्याचं प्लगइन टाकलं की हा प्रश्न सुटतो.

घरच्यांचाही विचार करा. "भाऊ, हे बंद पडलं तं कोन दुरुस्त करन?" हा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. उत्तर "मी" असेल तरच पुढे जा.

प्रोसेसर न पाहता ३२ बिट धरून चालणं

पूर्वी दुकानदारांनी सरसकट जुन्या धाटणीची, ३२ बिटची विंडोज ७ टाकून दिली. त्यामुळे आपलं यंत्रच ३२ बिटचं आहे असं अनेकांना वाटतं. कोअर टू ड्युओ हा ६४ बिटचा प्रोसेसर आहे. प्रोसेसरचं नाव पाहा, विंडोजचा प्रकार नको. हा फरक आता फार महत्त्वाचा झालाय: अनेक लिनक्स सिस्टिमचा पाया असलेल्या डेबियनने १३ व्या आवृत्तीत, ऑगस्ट २०२५ मध्ये, ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं आणि लिनक्सवरच्या ३२ बिट क्रोमचा आधार तर २०१६ मध्येच संपला. यंत्र खरोखर ३२ बिटचंच असेल तर अँटीएक्स पाहा.

याला लागूनच दुसरा गैरसमज येतो, की हलकी सिस्टिम टाकली म्हणजे सगळं हलकं झालं. अँटीएक्स किंवा पपी स्वतः फार थोडी मेमरी घेते हे खरं. पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की २ जीबी रॅम संपते, मग सिस्टिम कोणतीही असो. यूट्यूब अडकतो म्हणून आठवड्याला एक सिस्टिम बदलत बसण्यापेक्षा आपल्या मदरबोर्डला चालणारी जुनी रॅम (डीडीआर-२ किंवा डीडीआर-३) शोधून ४ जीबी करा आणि फिरत्या हार्डडिस्कच्या जागी लहानशी एसएसडी बसवा. त्याने जो फरक पडतो तो कुठल्याही सिस्टिमने पडत नाही.

पेनड्राइव्ह

डाउनलोड केलेली आयएसओ फाइल, म्हणजे सिस्टिमची अख्खी प्रत, पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर संगणक त्यावरून सुरू होत नाही. रुफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामने ती लिहावी लागते. ओपनबीएसडीची आयएसओ सीडीसाठी असते, पेनड्राइव्हसाठी वेगळी आयएमजी फाइल घ्यायची. फ्रीबीएसडीत तिचं नाव मेमस्टिक. मोबाइलच्या नेटवरून उतरवलेली फाइल मध्येच तुटलेली असू शकते, म्हणून एसएचए-२५६ ची बेरीज (फाइलवरून काढलेला तपासणीचा आकडा) साइटवरच्या आकड्याशी जुळवल्याशिवाय लिहू नका. इन्स्टॉल करताना अर्ध्यावर येणाऱ्या अनाकलनीय चुकांपैकी कितीतरी इथेच मिटतात. आणि डिस्कला हात लावण्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का ते पाहा. असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या.

वायफाय दिसत नाही

ब्रॉडकॉम आणि रियलटेकच्या बऱ्याच चिपांना वेगळं फर्मवेअर लागतं, आणि ते उतरवायला नेट लागतं. या फेऱ्यातून बाहेर पडायला अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्स, फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी तिघंही फोनला नेटवर्क कार्ड म्हणून ओळखतात. केबल मात्र नुसती चार्जिंगची नको. जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर मिळतं, त्यामुळे पहिल्यांदा हात घालणाऱ्याने डेबियनवर आधारलेली सिस्टिम घेतलेली बरी.

वायफाय जुळलं, तरी प्रत्येक साइट "जोडणी सुरक्षित नाही" म्हणते? नेटला दोष देण्याआधी तारीख पाहा. जुन्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो, घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि मग साइटचं एकही सुरक्षा प्रमाणपत्र वैध ठरत नाही. नाण्याएवढा तो सेल बदलला की काम झालं. घड्याळ बरोब्बर साडेपाच तासांनी चुकत असेल तर कारण निराळं आहे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवते, लिनक्स जागतिक वेळ ठेवतं. दोन्ही सिस्टिम एकाच यंत्रावर असतील तर लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगा.

लाइन गेली

विदर्भातल्या गावात सिस्टिम निवडताना मी सर्वांत आधी हेच पाहीन. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, यूपीएस नावापुरता, आणि लाइन दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नाही. अशा जागी फाइल सिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फाइल ठेवण्याच्या पद्धतीची, निवड दिसण्यापेक्षा, वेगापेक्षा जास्त मोलाची आहे.

लिनक्सची ईएक्सटी-४ बदलांची नोंद आधी करून ठेवते, त्यामुळे अचानक बंद पडल्यावरही ती सहसा काही सेकंदांत सावरते. फ्रीबीएसडीवरची झेडएफएस जुन्या मजकुरावर न लिहिता नव्या जागी लिहिते, म्हणून तीही भक्कम आहे, पण तिला रॅम हवी. २ जीबीवर तिचा आग्रह धरू नका, तिथे फ्रीबीएसडीची दुसरी फाइल सिस्टिम, यूएफएस, चालेल. ओपनबीएसडीच्या फाइल सिस्टिमला अशी नोंदवही नाही. लाइन गेल्यानंतर ती पूर्ण डिस्क तपासत बसते, आणि कधी कधी आपोआप दुरुस्त न झाल्याने काळ्या पडद्यावर थांबते. लोक इथे घाबरतात आणि सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल करतात. त्याची गरज नसते. एंटर दाबून शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या जागी, जा, एफएससीके ही डिस्क तपासण्याची आज्ञा सर्व प्रश्नांना "हो" म्हणणाऱ्या पर्यायासह (fsck -y) चालवा आणि यंत्र पुन्हा सुरू करा. बहुतेक वेळा सिस्टिम परत येते.

पपीची गोष्ट वेगळी. ती रॅममध्ये चालते, आणि केलेलं काम सेव्ह फाइलमध्ये उतरलं नसेल तर लाइन गेल्याबरोबर ते जातं. पपी वापरणाऱ्याने आपल्या फाइल थेट डिस्कच्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागावर) ठेवाव्यात.

आणि ईएक्सटी-४ असो की झेडएफएस, न साठवलेला मजकूर कोणीच परत देत नाही. लिब्रेऑफिसमध्ये आपोआप साठवण्याची वेळ दोन मिनिटांवर आणा. यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी वेगळी विकत मिळते, ती बदलून घ्या. पूर्ण यूपीएस फेकू नका.

याच रांगेतलं आणखी एक. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की संगणक आपोआप बंद पडतो आणि दोष नव्या सिस्टिमला मिळतो. जिनिंगच्या गावात पंख्याच्या जाळीवर कापसाचा तंतू बसून नमदा तयार झालेला असतो. झाकण उघडून तो काढा, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदला, मग सिस्टिमबद्दल मत बनवा.

मराठी शेवटी तपासणं

सगळं बसवून झाल्यावर मराठी चौकोनी डब्यांत दिसते तेव्हा लोक हिरमुसतात. इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लाइव्ह पेनड्राइव्हवरूनच आधी तपासा. "वऱ्हाड", "ज्ञानेश्वरी", "कृष्णा" हे शब्द एडिटरमध्ये, फाइलच्या नावात आणि ब्राउझरमध्ये टाकून पाहा. जोडाक्षरं तुटत असतील तर फक्त फॉन्ट टाकून भागेलच असं नाही, मजकूर जुळवणारा भागही लागतो. लिनक्सवर लोहित किंवा नोटोचे देवनागरी फॉन्ट आणि आयबस किंवा एफसीआयटीएक्स ५ हा टायपिंगचा प्रोग्राम टाकला की इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालतो. कृतीदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फाइल मात्र युनिकोडमध्ये बदलूनच न्याव्या लागतील. हे काम विंडोज जिवंत असतानाच उरका.

अपडेट आणि एकट्याचा प्रकल्प

आर्च लिनक्स किंवा व्हॉइडसारख्या सतत बदलणाऱ्या सिस्टिम भरपूर डेटा मागतात. आर्च काही महिने अपडेट केली नाही की पॅकेजांवरच्या डिजिटल सह्या ओळखू येत नाहीत अशी चूक येते. तेव्हा आधी फक्त कीरिंगचं (सह्या तपासणाऱ्या किल्ल्यांचं) पॅकेज अपडेट करा, मग लगेच बाकीचं सगळं. ओपनबीएसडीची आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि शेवटच्या दोन आवृत्त्यांनाच दुरुस्त्या मिळतात, म्हणजे वर्षातून एकदा तरी ती पुढे न्यावीच लागते. हे जमणार नसेल तर डेबियनच्या कुळातलं काही घ्या.

सिस्टिम किती माणसं चालवतात हेही पाहा. क्रंचबँग नावाची सुंदर, हलकी लिनक्स तिच्या एकट्या निर्मात्याने २०१५ मध्ये थांबवली. अँटरगॉस ही दुसरी लिनक्स २०१९ मध्ये बंद झाली. क्रंचबँगचं काम बनसनलॅब्जच्या लोकांनी पुढे नेलं, कारण सोर्स खुला होता. म्हणून घरच्या फाइलसाठी वेगळं पार्टिशन करा. सिस्टिम बदलावी लागली तरी फाइल जागच्या जागी राहतील.

अडलात तर "चालत नाही" एवढंच सांगून मदत मागू नका. सिस्टिमची आवृत्ती, यंत्राचं मॉडेल, पडद्यावर आलेली ओळ जशीच्या तशी आणि त्याआधी तुम्ही काय केलं, एवढं लिहा. पडद्याचा फोटो काढताना पहिली चूक दाखवणारी ओळ त्यात येऊ द्या. तिच्याखालच्या बहुतेक चुका तिच्यामुळेच आलेल्या असतात.