आई-बाबा निरवानिरवीचं बोलायला लागले की काय करायचं

घरातलं आजारी माणूस एक दिवस म्हणतं, "माझ्यामागे असं असं करा". आपण लगेच काय म्हणतो, "असलं अभद्र बोलू नकोस, काही होत नाही तुला". पहिलं काम म्हणजे हे वाक्य गिळायचं. मी आईला तीनदा गप्प केलं, मग तिने विषयच सोडला आणि शेवटी मलाच काढावा लागला, आणि तो आपण काढणं जाम अवघड असतं.

औषधाची गुंगी उतरलेली वेळ बघा, आमच्याकडे ती सकाळच्या चहानंतरची. एकानेच बसा, सगळी भावंडं कोंडाळं करून बसली की माणूस बुजतं. सिनेमातल्यासारखं "शेवटची इच्छा काय" नको, "कोणाला भेटावंसं वाटतंय का" एवढंच विचारा. आईने एकदम मावशीचं नाव घेतलं, दोघींचं नऊ वर्षं बोलणं बंद. फोन लावून दिला तर पंधरा मिनिटं नुसत्या लिंबाच्या लोणच्यावर बोलल्या, भांडणाचा विषयच नाही.

आता कागद. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही (केलेलं बरं), पण दोन साक्षीदार लागतातच आणि ज्याला काही मिळणारे त्याला साक्षीदार करू नका, उगाच वाद. पेशंट शुद्धीवर आहे, समजून सही करतोय असं डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडून ठेवा. आणि हो, बँकेत नॉमिनी आहे म्हणजे झालं असं समजू नका, नॉमिनीच्या हातात पैसे येतात, मालकी मृत्युपत्राने नाहीतर वारसाहक्काने ठरते. यावरून सख्खी भावंडं तोंडं फिरवतात.

"मला नळ्या लावू नका" म्हणत असतील तर तेही लिहून घ्या. असं लिव्हिंग विल सुप्रीम कोर्टाने 2018 ला मान्य केलंय, 2023 ला प्रोसिजर सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरपुढे सही. एक कॉपी फॅमिली डॉक्टरकडे द्या, कपाटात राहिली तर ऐनवेळी काही उपयोग नाही.

नेत्रदान करायचं असेल तर आय बँकेचा नंबर आधीच फ्रिजवर चिकटवा कारण हातात साधारण 6 तासच असतात. फोन केल्यावर पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी.

दागिने जमलं तर त्यांच्याच हाताने देऊ द्या. आईने पाटल्या वहिनीला दिल्या, मला पोत, आणि दहाव्याचं म्हणाली, "कावळ्यासाठी ताटकळू नका, त्याला भूक लागली की येईल".

हे सगळं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण त्यांना विचारून. माझ्याकडे 40 मिनिटांचं आहे, त्यात मधेच ती ओरडते, "अगं गॅस बघ, दूध उतू जाईल".