गाडी कडक चालते: शॉकअप घेताना काय बघावं, काय टाळावं

दुकानात जाऊन शॉकअपचा (म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा, स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या तेलाच्या नळकांड्याचा) भाव विचारण्याआधी गाडीचं दुखणं नेमकं कुठलं ते ठरवा. पेव्हर ब्लॉकवर, बारीक खडबडीत डांबरावर गाडी सतत थरथरत असेल, तर संशय आधी टायरवर घ्यावा. स्पीड ब्रेकरवरून उतरताना ‘धाड’ असा एकच दणका बसत असेल, तर बंप स्टॉपर (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर शेवटी टेकतं ते रबर) किंवा मेलेला शॉकअप. नुसती खडखड येत असेल आणि हादरा तेवढा नसेल, तर लिंक रॉड (सस्पेन्शनचा बारीक जोडदांडा), बुश (सांध्यातलं रबर) किंवा वरचं माउंट (शॉकअप बॉडीला जोडणारा रबरी तुकडा). मालक तिन्ही वेळा ‘गाडी कडक झालीय’ एवढंच सांगतो आणि मग गॅरेजवाला त्याला सोयीचं तेच बदलतो.

टायरपासून सुरुवात करा, कारण तिथे खर्च नाही. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर हवेचा स्टिकर असतो. छोट्या हॅचबॅकला तो साधारण ३० ते ३३ पीएसआय सांगतो, पण पंपावरचा पोरगा विचारल्याशिवाय ३५ ते ४० भरून मोकळा होतो. गाडी रात्रभर उभी असताना, टायर गार असताना हवा मोजा. मग टायरचा साइझ बघा. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४ टायर येतो (रुंदी १६५ मिलिमीटर, भिंत तिच्या ८० टक्के, चाक १४ इंची), त्याची बाजूची भिंत १३२ मिलिमीटर. वरच्या मॉडेलच्या १८५/६५ आर१५ ला १२०. हौसेने १९५/५५ आर१६ घातला तर १०७, आणि २०५/४५ आर१७ ला फक्त ९२. या चारही साइझच्या चाकांची एकूण उंची जवळपास सारखीच, ६२ सेंटिमीटरच्या आसपास. कमी होतो तो रबर आणि हवेचा थर. चार सेंटिमीटरची उशी काढून टाकल्यावर कितीही महागडा शॉकअप ती परत आणून देणार नाही. अशा गाडीला आधी मूळ साइझची चाकं लावून बघावीत.

टायर ठीक असेल तर पुढची तपासणी एका केबल टायवर होते. मागच्या शॉकअपवरचं रबरी कव्हर वर सरकवा, आतल्या चकचकीत दांड्याला बारीक प्लॅस्टिकचा केबल टाय घट्ट बांधा आणि खाली सिलिंडरच्या तोंडापर्यंत ढकला. कव्हर परत बसवा आणि रोजच्या रस्त्याने, रोजच्याच वजनानिशी गाडी फिरवून आणा. दांडा जितका आत गेला, तितका टाय वर सरकलेला असेल. दोन माणसं आणि साधा रस्ता असूनही तो थेट स्टॉपरला जाऊन टेकला असेल, तर सस्पेन्शनची चाल (चाकाला वर-खाली व्हायला असलेली जागा) संपतेय: स्प्रिंग बसली (दबून खुजी झाली) आहे, शॉकअप मेला आहे, किंवा कोणीतरी चुकीचा, जास्त लांब स्टॉपर घातला आहे. टाय अर्ध्यातच असेल आणि तरी हादरे बसत असतील, तर चाल भरपूर आहे. कडकपणा शॉकअपच्या आत, बुशमध्ये किंवा टायरमध्ये आहे. बघून झालं की टाय कापून टाका.

स्प्रिंग बसली का ते टेपने कळतं. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंत अंतर मोजा, डावं-उजवं ताडून बघा, आणि जमलं तर त्याच मॉडेलच्या नव्या गाडीशीही. मोजताना स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये रबराचे बफर अडकवलेले दिसले तर ते आधी काढा. ‘गाडी घासत नाही’ म्हणून हे विकतात. प्रत्यक्षात ते वेटोळी जाम करतात, मोकळी वेटोळी कमी झाली की स्प्रिंग तेवढी ताठ होते. बाहेरून सीएनजी बसवलेल्या गाडीचं मात्र खरं कारण वेगळं असतं. ६० लिटरची पोलादी टाकी, ब्रॅकेट आणि गॅस मिळून ६०-७० किलोचं ओझं पेट्रोलच्या स्प्रिंगवर कायमचं बसतं आणि मागची बाजू स्टॉपरवर आपटत राहते. तिथे बफर नको. त्याच मॉडेलच्या कंपनी-सीएनजी (कारखान्यातूनच सीएनजी बसवून आलेल्या) गाडीची मागची स्प्रिंग मागवावी. उलटी चूकही सर्रास होते: डिझेलचं इंजिन जड, म्हणून त्याची पुढची स्प्रिंग ताठ. ती पेट्रोलच्या गाडीत बसते, पण नाक वर आणि हादरे दुप्पट. म्हणून पार्ट नंबर चॅसी नंबरवरून काढायचा, ‘स्विफ्टची द्या’ म्हणून नाही.

आता शॉकअप. दुकानदार ‘गॅसवाला घ्या, मऊ लागतो’ म्हणतो. आजकाल जवळपास सगळेच गॅसवाले असतात. प्रश्न दाबाचा आहे. ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांच्या) शॉकअपमध्ये गॅस साधारण ५ बारच्या आसपास असतो, मोनोट्यूबमध्ये (एकाच नळीच्या) २५-३० बार. १२ मिलिमीटरच्या दांड्यावर ५ बार म्हणजे जेमतेम ६ किलोचा जोर, २५ बार म्हणजे जवळपास २९ किलो. हा जोर सतत गाडी वर ढकलत राहतो, शिवाय मोनोट्यूबची सीलं घट्ट असतात, त्यामुळे बारीक खड्डा त्यात जिरत नाही. मोनोट्यूब वाईट नाही, घाटात आणि वेगात तो गाडी फार छान धरून ठेवतो. पण तक्रार कडकपणाची असेल तर तो चुकीचा माल. ब्रँड बघायचे तर केवायबीचा एक्सेल-जी ट्विन-ट्यूब आहे, गॅस-ए-जस्ट मोनोट्यूब. बिलस्टीनचा बी४ मूळ मालाच्या जागी आहे, बी६ कडक, बी८ खाली बसवलेल्या गाड्यांसाठी. कोनीच्या पिवळ्या शॉकअपची चावी फिरवली तरी बदलतो तो फक्त परतीचा जोर, म्हणजे दबलेली स्प्रिंग उघडतानाचा. खड्ड्यात चाक वर येतानाचा हादरा त्याने मऊ होत नाही. साध्या मारुती-ह्युंदाईला कंपनीचा मूळ माल किंवा गॅब्रिएलसारखा देशी ट्विन-ट्यूब पुरतो.

भोक पाडून, जाड तेल भरून पुन्हा वेल्ड केलेले ‘रिपेअर’ शॉकअप फुकट मिळाले तरी घेऊ नका. जाड तेलाने परतीचा वेग मंदावतो; एका खड्ड्यानंतर स्प्रिंग पूर्ण उघडायच्या आत दुसरा येतो, गाडी दर वेळी थोडी खाली दबत जाते आणि शेवटी स्टॉपरवर आदळते. लोअरिंग स्प्रिंगचंही तसंच: गाडी ३० मिलिमीटर खाली म्हणजे वरची चाल ३० मिलिमीटरने कमी, म्हणून ती स्प्रिंग मुद्दामच ताठ बनवलेली असते.

खरेदी जोडीनेच: पुढचे दोन स्ट्रट (स्प्रिंग अंगावर घेऊन बसणारे पुढचे शॉकअप), दोन माउंट, दोन बेअरिंग, दोन स्टॉपर आणि कव्हर, मागे दोन शॉकअप आणि दोन स्टॉपर. स्टॉपर मूळचाच घ्या. मूळचा फोमसारखा, हळूहळू दबणारा असतो. बाजारातला ठोस रबराचा स्टॉपर थेट दणका देतो.

फिटिंगच्या वेळी गॅरेजमध्ये उभं राहा. नवा ट्विन-ट्यूब आडवा पडून आलेला असतो, तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा-ओढायचा, म्हणजे आतली हवा निघते. दांडा पक्कडीने धरू द्यायचा नाही. क्रोमवर एक ओरखडा पडला की सील फाटून तेल गळायला लागतं. वरचा नट इम्पॅक्ट गनने नाही, हातपान्याने. स्प्रिंग कॉम्प्रेसर दोन, समोरासमोर, नाहीतर स्प्रिंग सुटून हात जातो.

सगळ्यात जास्त चुकतं ते बुशच्या बोल्टचं. लोअर आर्म (चाक खालून धरणारा लोखंडी हात), मागचा बीम (मागची दोन चाकं जोडणारा आडवा भाग) आणि शॉकअपच्या खालच्या डोळ्याचे (कडीचे) बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असतानाच आवळले जातात. बुशचं रबर दोन्ही बाजूंच्या लोखंडाला चिकटलेलं असतं. त्यामुळे गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं, ताठ होतं आणि लवकर फाटतं. हे बोल्ट आधी नुसते लावून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, एकदा पुढे-मागे हलवायची, आणि मगच टॉर्क पान्याने (ठरावीक जोर दाखवणाऱ्या पान्याने) आवळायचे. जुने बुश शाबूत असतील तर फक्त बोल्ट सैल करून पुन्हा असेच आवळून बघा. आधीच्या कामात चुकीचे आवळले असतील तर पार्ट न बदलताही फरक पडतो.

स्ट्रट सुटला की चाकाचा कोन बिघडतो, म्हणून खालच्या दोन बोल्टच्या जागेवर आधीच खूण करून ठेवा आणि त्याच दिवशी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या. पाचशे किलोमीटरनंतर वरचे नट आणि लिंक रॉडचे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा.